रान बघायला गेलेली शीला

वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत एका सोमवारी लाईनवरच्या सात जागा एकदम रिकाम्या राहिल्या. गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे बांधायची ती लाईन. एकीनं बांधून पुढं सरकवायचं, दुसरीनं टेप गुंडाळायची, तिसरीनं टोकं बसवायची. एक बाई नसली तरी काम अडतं, इथं तर सातजणी गायब. नवेच रुजू झालेले एचआरचे अभय साहेब इकडून तिकडं धावले. त्यांना आधी वाटलं, युनियन आली. मग वाटलं, शेजारच्या कंपनीनं बायका फोडल्या. शेवटी गेटवरच्या वॉचमनलाच त्यांची दया आली.

"साहेब, त्या कडुबाच्या रिक्षातल्या बायका. जातात तर सगळ्याच जातात. आता त्या नाय यायच्या."

कडुबाची रिक्षा मोठी, मागं समोरासमोर दोन बाकडी असलेली. जवळच्याच रांजणगावच्या चौकातून रोज सकाळी ती सात बायकांना घेऊन निघायची. सातजणींनी भाडं वाटून घेतलं तरच ते परवडायचं. एकीनं कंपनी बदलली तर बाकीच्यांचं गणित कोसळायचं. म्हणून बदलायची तर सगळ्यांनी मिळून, असं ठरूनच गेलं होतं. नोकरी का सोडली, याचं उत्तर माणसं पगाराच्या कागदात शोधत बसतात. ते बऱ्याचदा रिक्षाच्या बाकड्यावर बसलेलं असतं.

अभय साहेबांनी त्या सातजणींतल्या शीलाला फोन लावला.

"शीलाताई, पगार कमी पडत होता का?"

"नाय साहेब, पगार बरा व्हता."

"मग का सोडलंत?"

"संडासाला कुलूप घातलं तुमच्या माणसानं. किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मागायला गेलं की म्हणतो, आत्ताच तर जाऊन आली. बाईमाणसानं रोज कुणाकुणाला काय सांगत बसावं? त्यापरीस आम्ही निघालो."

अभय साहेबांनी दुसऱ्याच दिवशी कुलूप काढायला लावलं. माणूस वाईट नव्हता. पण एकदा उठून गेलेली माणसं कुलूप काढल्यानं माघारी येत नसतात.

शीला मूळची कन्नड तालुक्यातली, धनगराच्या घरातली. तिचं लहानपण एका गावात गेलंच नाही. दिवाळी सरली की मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि घोडीच्या पाठीवर बांधलेला संसार असा त्यांचा सगळा वाडा चाऱ्याच्या शोधात निघायचा. वाडा हलायच्या आधी एक माणूस पुढं जायचा. त्याला म्हणायचे रान बघायला जाणं. हे काम शीलाच्या बापाकडं, मुंजाबाकडं असायचं. लहानगी शीला एकदा हट्ट करून त्याच्याबरोबर गेली, तेव्हा आपलं लाडकं कोकरूही सोबत घ्यायला निघाली. बाप म्हणाला, ते ठेव. ती रडली, लोळली, पण बापानं ऐकलं नाही. रान बघायला जाणाऱ्यानं आपलं मेंढरू संग न्यायचं नसतं, एवढंच तो बोलला. का न्यायचं नसतं, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

रान बघायची त्याची रीत मात्र तिच्या डोक्यात पक्की बसली. आधी पाणी, मग चारा, मग कुत्रं. पाणी नसेल तर चाऱ्याला काय चाटायचंय? आणि पाणी, चारा दोन्ही असून मळ्यातलं कुत्रं अंगावर येणारं असलं, तर तेही रान बाद. भ्यालेलं मेंढरू पोटभर खात नाही.

लग्न होऊन शीला रांजणगावात आली, कंपन्यांच्या गेटांवर उभी राहू लागली आणि बापाची विद्या इथं कामाला आली. नवी कंपनी धरायची असली की ती आधी एकटी जायची. पाळी सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या टपरीवर चहा घेऊन उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या बायकांकडं नुसतं बघायचं. बाहेर पडल्या पडल्या बाटल्या तोंडाला लावतात का? म्हणजे आत पाणी धड नाही, नाहीतर संडासाच्या भीतीनं पीत नाहीत. पगाराचं तर एखादी बोलकी बाई आपण होऊन सांगायचीच. राहिलं कुत्रं. सुपरवायझर मोटारसायकल घेऊन बाहेर आला की बायका आपल्या गप्पा चालू ठेवतात, का खाली मान घालून बाजूला होतात? एवढं बघितलं की शीला चहाचा कप ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात सांगायची, रान बरं आहे. नाहीतर म्हणायची, कुत्रं वाईट आहे, इथंच राहू.

अशी त्यांनी बरीच गेटं बदलली. एक कंपनी सोडली, कारण ठेकेदार थोडे महिने झाले की ब्रेक द्यायचा, म्हणजे घरी बसवायचा, आणि पुन्हा घ्यायच्या वेळी उपकाराची भाषा बोलायचा. एक सोडली, कारण पाळी अशा वेळेला सुटायला लागली की कडुबाची बायको त्याला रिक्षाच काढू देईना. एक सोडली ती निव्वळ जास्त पगारासाठी, आणि त्यातही लाजण्यासारखं काही नव्हतं. बड्या मंडळींना याचा भारी राग. आजकालच्या कामगाराला इमान म्हणून राहिलं नाही, असं ते एकमेकांना सांगतात. कामगार ठेवायचा ठेकेदाराच्या नावावर, पाहिजे तेव्हा घरी बसवायचा, आणि इमान मात्र त्याच्याकडून मागायचं! एका हातानं टाळी वाजत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल.

आणि जागा न सोडणाराही शीलाच्या घरातच होता. तिचा नवरा रामहरी एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. लग्नाच्या आधीपासून तिथंच. बाहेरून चांगली बोलावणी आली, तरी गेला नाही. शीलानं एकदा छेडलंच.

"तुमी कामून जात नाय वो दुसरीकडं?"

रामहरीनं बराच विचार केला. तो कुठल्याही प्रश्नाचा बराच विचार करतो.

"तिथं माझ्यावर कुणी वरडत नाय," तो म्हणाला.

शीलानं पुन्हा तो विषय काढला नाही. त्याचं रान त्याला सापडलं होतं.

रिक्षातल्या बायकांत सगळ्यात थोरली द्वारकाबाई. पैठणकडची. नवरा गेल्यावर लेकीच्या दारात बसून खायचं नाही, म्हणून या वयात कामाला लागलेली. हात झपझप चालणारा आणि जीभ त्याच्याहून झपझप. पण पुढं पुढं तिची नजर दगा द्यायला लागली. निळी आणि जांभळी वायर तिला एकसारखीच दिसायची. एका नव्या गेटवर तिथल्या माणसानं वायरींचे तुकडे समोर धरले, दोन-तीनदा विचारलं आणि सरळ सांगितलं, "या आजीबाई सोडून बाकीच्या उद्यापासून या."

द्वारकाबाईनं आपला डबा काखेत मारला आणि गेटाकडं वळली. तेवढ्यात शीला त्या माणसाला म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या."

"काय राहू द्या?"

"आमाला. आमी जाऊ तर सगळ्या जाऊ."

बाकीच्या पाचजणी क्षणभर एकमेकींकडं बघत राहिल्या. त्या महिन्यात कुणाच्याच घरात काम नसणं परवडणारं नव्हतं. पण एकेक करत सगळ्या गेटाबाहेर आल्या. मग कितीतरी दिवस रिकामे गेले, घराघरांत भांडणं झाली, मोनिका नावाची त्यांच्यातली सर्वांत तरणी पोर रोज कुरकुरली. शेवटी एका कंपनीनं सातही जणींना घेतलं, द्वारकाबाईला पॅकिंगला. तेव्हापासून जाऊ तर सगळ्या, ही त्या रिक्षाची जबानच झाली. शीलाचं मोठेपण यातच आहे की ती जबान तिनं कुणाकडून घेतली नव्हती. आधी स्वतः दिली होती.

आणि तिलाच ती एक दिवस गळ्याशी आली.

अभय साहेबांचा पुन्हा फोन आला. गंमत बघा, लोक नोकरी का सोडतात म्हणून डोकं धरून बसणाऱ्या या साहेबांनी मधल्या काळात स्वतःच नोकरी बदलली होती. आता ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याला होते, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या एका नव्या कारखान्यात.

"शीलाताई, लाईन सांभाळायला बाई पाहिजे. तुमचीच आठवण झाली. कंपनीच्या रोलवर, परमनंट. मध्ये ठेकेदार नाही. तुम्ही दहावी पास आहात ना?"

"हाय. पण आमी सातजणी..."

"सध्या जागा एकच आहे. आणि वयाची अट आहे. पुढच्या वर्षी मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही."

परमनंट म्हणजे काय, हे ज्याला ते जन्मजात मिळालं त्याला नाही कळायचं. ज्याचं जळतं त्याला कळतं. आजारी पडून आठवडाभर घरी राहावं आणि परत गेलं तर गेटवर आपलं नाव असावं, म्हणजे परमनंट. दर थोड्या महिन्यांनी नवं गेट, नवा फोटो, मशीनवर नवा अंगठा, यातून सुटका म्हणजे परमनंट. शीलाची मुलगी श्रेया आठवीत होती. शाळेच्या बाईंनी आईचा कामाचा पत्ता विचारला की ती दरवेळी घरी येऊन विचारायची, "आई, सध्या कोणती कंपनी?" त्या 'सध्या'नं शीलाला फार लागायचं.

तिला जायचं होतं. मनापासून जायचं होतं. आणि रिक्षात बसून हे सहाजणींना सांगायची तिची छाती होईना. मग या सरळ बाईनं आयुष्यातली एक वाकडी गोष्ट केली. मुलाखतीच्या दिवसासाठी तिनं रिक्षात सांगितलं, "बा लई आजारी हाय. उद्या कन्नडला जाऊन येते."

खोटं बोलायला बापच सापडला तिला! बायका हळहळल्या. द्वारकाबाईनं तर सकाळी चौकात लिंबाच्या लोणच्याची बरणी आणून हातात दिली. म्हाताऱ्याच्या तोंडाला चव येईल, म्हणाली. ती बरणी पिशवीत घेऊनच शीला शेंद्र्याला गेली आणि साहेबांच्या समोर बसली तेव्हा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

तिकडं तिनं सगळं डोळे भरून बघितलं. थंड पाणी लाईनच्या जवळ. संडासाला आतून कडी, बाहेरून कुलूप नाही. पाठीला टेकण असलेल्या खुर्च्या. "विचार करून आठवड्यात कळवा," अभय साहेब म्हणाले.

इकडं रांजणगावात संध्याकाळी कडुबाची रिक्षा बायकांना घेऊन परत आली, तर चौकात एक ताठ म्हातारा उभा. डोक्याला लाल फेटा, खांद्यावर नवं घोंगडं, नुकताच एसटीतून उतरलेला.

"ऐ भाऊ, रामहरीचं घर कोणीकडं? मी त्याचा सासरा. पोरीला घोंगडं द्यायला आलोय."

द्वारकाबाईच पहिल्यांदा खाली उतरली.

"मुंजाबाबा का तुमी? तब्येत कशी हाय?"

"तब्येतीला काय झालंय?" म्हातारा म्हणाला. "सकाळी मेंढरं चारून निघालो."

कडुबानं त्याला घरापर्यंत सोडलं. शीला थकून घरी पोचली, तेव्हा बाप ओट्यावर चहा पीत होता, रामहरी शेजारी बसून विचार करत होता आणि द्वारकाबाई चपला घालून निघालेली होती. जाता जाता तिनं शीलाकडं पाहिलं.

"लोणचं चांगलंच लागू पडलं गं तुझ्या बापाला."

शीलाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

भाकरी खाताना मुंजाबानं त्याच बरणीतली फोड घेतली. शीलानं घरी रामहरीला खरं सांगितलं होतं आणि त्यानं ते म्हाताऱ्याला सांगितलं होतं. म्हाताऱ्यानं पोरीला रागं भरलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "रान कसं हाय?"

तिला रडू फुटलं. पण सवयीनं तिनं सांगितलं, "पाणी थंडगार हाय. चारा लई चांगला. कुत्रं अजून दिसलं नाय."

"मंग वाड्याला कामून नाय सांगितलं?"

"सांगून काय करू, बा? जागा एकच हाय. मी नाय म्हणून कळवणार हाय त्यांना."

"नाय म्हण नायतर व्हय म्हण, ते तुपलं तू बघ." मुंजाबानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावून खाली ठेवला. "पर रान बघून आलेला माणूस गप बसला, तर सगळा वाडा बेजार व्हतो. त्याला वाटतं, पुढं कायतरी वंगाळ हाय. नायतर ह्यानं एकट्यानंच चरायचं ठरवलंय. तू गेली, ही चूक नाय. गप बसली, ही चूक."

मुंजाबानं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"तू ल्हान होती तवा कोकरू संग न्यायला रडली होती. आठवतं का?"

"आठवतं. नेऊ दिलं नाय तुम्ही."

"आपलं मेंढरू संग असलं की चारा दिसल्यावर ते चरायला लागतं. आणि आपलं मेंढरू एकदा चरायला लागलं की माणसाचा पाय मागं फिरत नाय. वाडा मागं उपाशी बसलाय, हे तो इसरतो. म्हणून मोकळ्या हातानं जायचं. आपलं सगळं वाड्यात ठिवून जायचं. म्हंजी माघारी यावंच लागतं."

एवढ्या वर्षांनी तिला तिच्या कोकराचं उत्तर मिळालं. रामहरीही ते ऐकत होता, आणि या वेळी त्याला फार विचार करावा लागला नाही. "घर इथंच ऱ्हाऊ द्यायचं," तो म्हणाला. "तिकडं खोली करायची नाय."

सकाळी शीला चौकात आली, पण रिक्षात चढली नाही. बाकड्यांसमोर उभी राहून तिनं सगळं सांगितलं. फोन, खोटं, शेंद्र्याचं थंड पाणी, एकच जागा. कुणीच तिच्याकडं बघत नव्हतं.

"म्हंजी तू चालली," मोनिका म्हणाली.

"नाय. मी नको म्हणून कळवणार हाय."

आतापर्यंत रस्त्याकडं तोंड करून बसलेली द्वारकाबाई गर्रकन वळली. "नको कामून? माझ्यापायी? मी काय तुझ्या पायातली बेडी हाय का गं? तू खोटं बोलली त्याचा राग हाय मला, आणि तो लवकर जायचा नाय. पर त्या रागापायी तुझ्या पोरीच्या पोटावर पाय द्यायला मी काय येडी हाय?"

"मावशी, आपली जबान..."

"जबान हाय तशीच ऱ्हाईल. तू पुढं जाय. तुझ्या बापासारखी जाय. आणि काय हाय काय नाय ते येऊन सांग."

रात्री मुंजाबानं सांगितलेली कोकराची गोष्ट शीलानं त्यांना सांगितली. माझं घर, माझी पोर, नवरा, सगळं इथंच राहील, म्हणाली. आरशातून बघत बसलेला कडुबा तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"मंग तुमची जागा मी भरत नाय."

गरिबाच्या रिक्षातली एक जागा रिकामी ठेवणं म्हणजे काय, हे त्या सहाजणींना आणि कडुबाला चांगलं ठाऊक होतं. तरी कुणी नाही म्हटलं नाही. अशी माणसं जगात आहेत म्हणून जग चाललंय, असं छातीठोक म्हणावंसं वाटतं.

शीला शेंद्र्याला लागली. कंपनीची बस नगर नाक्यावरून सुटायची. अंधारातच घर सोडायचं, नाक्यावर पोचायचं, तिथून अख्खं शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला जायचं आणि संध्याकाळी तेच उलटं. कारखान्याच्या जवळ स्वस्तात खोल्या होत्या. बरोबरच्या बायका म्हणायच्या, इकडंच ये की. ती हसून टाळायची. रामहरी श्रेयाची वेणी घालायला शिकला. सुरुवातीला काही दिवस ती पोर डोक्यावर ओढणी घेऊन शाळेत गेली.

रिक्षाची वेळ आणि तिची वेळ जुळेना. सुट्टीही वेगळ्या वारी. फोनवर विचारलं तर शीला म्हणायची, अजून सांगण्यासारखं काही नाही. आणि ते खरंच होतं, पण इतके महिने ऐकल्यावर कुणाला खरं वाटणार? कडुबाच्या बायकोनं त्याला झाडलं, "त्या रिकाम्या शिटावर काय देव बसवलाय का?" एक नवी मुलगी रोज विचारायला यायची. मोनिका म्हणाली, "आता ती कशाला येती? परमनंट झाली ना." द्वारकाबाई मात्र रोज रिक्षात चढली की आपला डबा शीलाच्या जागेवर ठेवायची आणि कुणी बसायला आलं की म्हणायची, "इथं माणूस हाय."

शीला तिकडं काय करत होती, हे त्यांना दिसत नव्हतं. ती लाईन सांभाळत होती. काम चुकलं तर बाईच्या शेजारी बसून दाखवायची. आवाज चढवायची नाही. रामहरीचं ते एक वाक्य तिनं मनाशी धरलं होतं. बाकीच्या लाईनी दर महिन्याला गळायच्या, तिच्या लाईनीतली माणसं टिकली. मग नवी भरती निघाली तेव्हा अभय साहेबांनी विचारलं, "तुमच्या ओळखीच्या कुणी आहेत का?"

"हायत ना," शीला म्हणाली. "रिक्षाभर."

पाच जागांचं जमलं. द्वारकाबाईसाठी मात्र ती चार वेळा साहेबांच्या दारात गेली. वय उलटलेलं, नजर कमी. शेवटी जमलं ते सुटे भाग हातानं चाचपून ट्रेमध्ये लावायचं काम, आणि तेही ठेकेदाराच्या नावावर. त्यावर शीला बरेच दिवस अडून राहिली. मग तिला कळलं, आपल्या हातातलं एवढंच आहे.

त्या सकाळी कडुबानं चौकात रिक्षा लावली, बायका चढल्या, द्वारकाबाईनं डबा ठेवला आणि कोपऱ्यावरून शीला येताना दिसली. अंगावर कंपनीचा निळा कोट. सुट्टीच्या दिवशीही तिनं तो मुद्दाम घातला होता, दाखवायला. ती रिक्षासमोर येऊन उभी राहिली. कुणी कशी आहेस म्हणून विचारलं नाही. द्वारकाबाईनं विचारलं ते हेच:

"पाणी?"

"हाय. लाईनीच्या जवळ."

"चारा?"

"हाय. पाचजणींना जागा हायत. परमनंट."

"आणि कुत्रं?"

शीलानं कोट नीट केला. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते.

"कुत्रं मीच हाय आता, मावशी."

मग द्वारकाबाई हसायला लागली, ती अशी की कडुबानं इंजिन बंद केलं. "चावती का गं?"

"चावत नाय. काम चुकलं तर शेजारी येऊन बसते." आणि मग तिनं उरलेलं सांगून टाकलं, गप बसायची चूक ती दुसऱ्यांदा करणार नव्हती. "मावशी, तुमाला काम हाय. पर परमनंट नाय. ठेकेदाराकडनं. तेवढं माझ्याच्यानं नाय जमलं."

द्वारकाबाईनं पदरानं डोळे पुसले. हसण्याचं पाणी होतं का दुसरं, कोण सांगणार? "अगं, मीच कुठं परमनंट हाय? हात चालतो तवर चालू दे."

मोनिकानं नाही म्हटलं. इथं तिला नुकतंच मशीन चालवायला दिलं होतं आणि ते तिला फार आवडायला लागलं होतं. तिच्यावर कुणी रागावलं नाही. कडुबा मात्र तोंड पाडून बसला होता.

"सगळ्या चालल्या म्हंजी माझं काय? एवढे दिवस जागा धरून ठिवली मी."

"बस नगर नाक्याहून सुटते, कडुबाभाऊ," शीला म्हणाली. "रांजणगावातनं तिथवर आमाला कोण नेणार?"

कडुबानं आरशात बघून डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि रिक्षा चालू केली. आजचा दिवस अजून वाळूजचाच होता. राजीनामे सांगायचे होते, झालेल्या कामाचा पगार घ्यायचा होता. द्वारकाबाईनं बाकड्यावरचा डबा उचलला.

"चल, बस. कंपनीच्या गेटापत्तर चल आमच्या संग. तुला सुट्टी हाय ना आज?"

शीला चढली आणि आपल्या जागेवर बसली.